पोटातली जुनी ओल: एच. पायलोरी, रक्तातल्या खुणा आणि जठराचा कर्करोग

रात्री साडेदहाला वहिनींचा फोन आला. "भावजी, झोपला नव्हतात ना? यांचा रिपोर्ट पाठवलाय, जरा बघता का? दोन ठिकाणी लाल अक्षरं आहेत."

दादाच्या ऑफिसने करून दिलेली वार्षिक 'फुल बॉडी' तपासणी होती. पाच पानं भरून आकडे, सगळे काळे, दोनच लाल. पहिला: एच. पायलोरी आयजीजी, पॉझिटिव्ह. दुसरा: सीईए, ५.८, शेजारी वर जाणारा बाण. वहिनींनी दोन्ही शब्द मोबाइलवर शोधले होते आणि दोन्हींखाली त्यांना एकच शब्द सापडला होता. तो त्यांना उच्चारवत नव्हता. आमच्या घरात तो एकदा येऊन गेलाय. दादाचे वडील, माझे काका, जठराच्या कर्करोगानेच गेले.

मी डॉक्टर नाही. पण काकांच्या आजारपणानंतर या विषयावर मिळेल ते वाचत आलो, समजलं नाही ते डॉक्टरांना विचारत आलो. त्या रात्री वहिनींना तुकड्यातुकड्यांत जे सांगितलं, ते इथे नीट लावून लिहितोय. कारण त्या एकट्या नाहीत. जुलै २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा एक अंदाज प्रसिद्ध झाला: २००८ ते २०१७ या काळात जगभरात जन्मलेल्या मुलांपैकी सुमारे १ कोटी ५६ लाख जणांना आयुष्यात कधी ना कधी जठराचा कर्करोग होईल, आणि त्यांतल्या ७६ टक्के रुग्णांमागे एच. पायलोरी हा एकच जंतू असेल. भारताच्या वाट्याला यातले १६ लाखांहून अधिक. आज चाललंय तसंच चालू राहिलं तर, ही अट त्या अंदाजातच आहे. बातमी वाचताना मात्र अट गळून पडते आणि भीती तेवढी उरते.

आम्लात जगणारा पाहुणा

आपण 'पोट' म्हणतो त्यात बरगडीखालपासून ओटीपोटापर्यंत सगळंच येतं. जठर त्या मानाने लहान, वरच्या भागात डावीकडे असलेली एक वाकडी पिशवी. गिळलेला घास इथे काही तास घुसळला जातो आणि त्यावर आम्ल सुटतं. हे आम्ल इतकं जहाल असतं की अन्नाबरोबर आलेले बहुतेक जंतू तिथेच मरतात. जठर स्वतः जळत नाही, कारण आतल्या अस्तरावर चिकट बुळबुळीत थर असतो.

म्हणूनच १९८० पर्यंत डॉक्टरांची ठाम समजूत होती की जठरात जंतू टिकूच शकत नाहीत. अल्सर होतो तो काळजीने, जागरणाने, तिखटाने. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन या पॅथॉलॉजिस्टला मात्र जठराच्या तुकड्यांत सूक्ष्मदर्शकाखाली सतत पिळदार जंतू दिसत होते. बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांच्याबरोबर ते जंतू वाढवायचा प्रयत्न करत होता आणि दर वेळी अपयश येत होतं. १९८२ च्या ईस्टरला लागून सुट्ट्या आल्या. एरवी दोन दिवसांनी फेकून दिल्या जाणाऱ्या काचेच्या ताटल्या पाच दिवस तशाच उबवणीत राहिल्या, आणि त्यांत जंतूंची वसाहत उगवली. जंतू हळू वाढणारा होता, इतकंच. तरीही कोणी विश्वास ठेवेना, म्हणून १९८४ मध्ये मार्शलने तो जंतू स्वतः पिऊन टाकला. आठवड्याभरात त्याला उलट्या सुरू झाल्या, आणि दुर्बिणीने पाहिलं तेव्हा जठराला सूज आलेली होती. दोघांना २००५ साली नोबेल मिळालं. त्याआधीच, १९९४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच संस्थेने हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू माणसात कर्करोग घडवणाऱ्या कारणांच्या पहिल्या गटात घातला. तंबाखू ज्या गटात आहे, तोच हा गट.

आम्लात तो जगतो कसा? त्याच्याजवळ यूरिएज नावाचं एन्झाइम असतं. जठरातल्या युरियाचं ते अमोनियात रूपांतर करतं आणि अमोनिया आम्ल मारतो. म्हणजे जंतू स्वतःभोवती सुरक्षित कोश तयार करतो आणि स्क्रूसारखा पिळ देत बुळबुळीत थरात घुसून बसतो. ही यूरिएजची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तपासणीच्या वेळी लागेल.

तो येतो बहुतेक लहानपणीच, आणि घरातूनच. लाळ, उलटी, विष्ठेचे हात, दूषित पाणी. आईने स्वतःच्या तोंडात मऊ करून भरवलेला घास. दादा आणि मी लालबागला एकाच खोलीत आठ माणसांत वाढलो. मजल्यावरच्या साऱ्या बिऱ्हाडांत चार संडास, आणि पाणी पहाटे भरून ठेवायचं. अशा घरात हा जंतू एकाकडून दुसऱ्याकडे जाणार हे ठरलेलंच होतं. "आमचं घर स्वच्छ आहे हो," असं वहिनी तीनदा म्हणाल्या. त्यांचं घर स्वच्छच आहे. दादाला हा जंतू लागला असेल तर तो त्या लग्न होऊन यायच्या कितीतरी आधी, आणि त्यात आमच्या आई-काकूंचाही काही दोष नव्हता.

ओल, गिलावा, गंजलेल्या सळ्या

मुंबईच्या माणसाला गळती समजावून सांगावी लागत नाही. वरच्या मजल्यावरच्या मोरीचा पाइप झिरपतो. आधी तुमच्या भिंतीवर पिवळट डाग पडतो. कोणी लक्ष देत नाही. काही पावसाळ्यांनी रंग फुगतो, गिलावा सुटतो. मग कोणीतरी मिळेल त्या मालाने लिंपून घेतं. आत सळ्या गंजत राहतात. आणि एक दिवस इमारत धोकादायक ठरते.

जठरात याच क्रमाने घडतं. जंतू म्हणजे झिरपता पाइप. पहिला डाग म्हणजे अस्तराला येणारी कायमची सूज. संसर्ग झालेल्या जवळपास प्रत्येकाला ही सूज असते आणि बहुतेकांना तिचा पत्ताही नसतो. वर्षानुवर्षं सूज राहिली की आम्ल आणि पाचकरस तयार करणाऱ्या ग्रंथी मरायला लागतात, अस्तर पातळ होतं. डॉक्टर याला ॲट्रॉफी म्हणतात, आपण झीज म्हणू. झिजलेल्या जागी शरीर डागडुजी करतं, पण भलत्याच मालाने: जठरात आतड्यासारखं अस्तर उगवू लागतं. बायोप्सीच्या रिपोर्टवर हे 'इंटेस्टिनल मेटाप्लेसिया' म्हणून छापून येतं. त्यापुढे पेशींचा आकार-उकार बिघडतो, आणि शेवटी कर्करोग. पेलायो कोरेया या कोलंबियन पॅथॉलॉजिस्टने १९७५ साली ही साखळी मांडली, आणि आजही जगभर तीच वापरतात.

या साखळीतल्या दोन गोष्टी मला सगळ्यांत महत्त्वाच्या वाटतात. पहिली म्हणजे वेळ. डागापासून पडझडीपर्यंत दशकं जातात, आणि बहुतेकांची साखळी मध्येच कुठेतरी थांबते. दुसरी थोडी कडू आहे. पाइप आधी दुरुस्त केला तर ओल वाळते, सूज उतरते. सळ्या गंजल्यावर पाइप दुरुस्त केला तर नवी गळती थांबते, पण गंज आपोआप जात नाही. म्हणून ज्यांच्या अस्तरात बदल झालेले असतात, त्यांना जंतू मारल्यावरही अधूनमधून दुर्बिणीने पाहत राहावं लागतं. "औषध घेतलं, आता विषय संपला" हे सगळ्यांना लागू होत नाही.

जंतूचा आणि कर्करोगाचा संबंध खरंच इतका घट्ट आहे का? जपानमध्ये १,५२६ रुग्णांवर सरासरी पावणेआठ वर्षं लक्ष ठेवलं गेलं, आणि तो अभ्यास २००१ मध्ये छापून आला. यातल्या १,२४६ जणांना संसर्ग होता, २८० जणांना नव्हता. संसर्ग असलेल्यांपैकी ३६ जणांना जठराचा कर्करोग झाला. नसलेल्यांपैकी एकालाही नाही.

जठराचे सगळेच कर्करोग या वाटेने येत नाहीत, हेही सांगायला हवं. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथल्या कर्करोगाचा संबंध लठ्ठपणाशी आणि आम्ल वर येण्याशी जास्त आहे. काही थोड्या घराण्यांत सीडीएच-१ या जनुकातला दोष पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. दहातल्या सुमारे एका रुग्णात एपस्टीन-बार नावाचा विषाणू सापडतो. पण जठराच्या मुख्य भागातल्या कर्करोगांपैकी सुमारे नव्वद टक्क्यांच्या मुळाशी हाच जंतू असतो.

मग अर्ध्या मुंबईला कर्करोग का होत नाही?

हा प्रश्न दादाने विचारला. फोन स्पीकरवर होता आणि तोवर तो गप्प बसून ऐकत होता. "अरे, मग चाळीतल्या सगळ्यांनाच झाला असता की."

बरोबर आहे. भारतात निम्म्याहून जास्त प्रौढांच्या जठरात हा जंतू असतो. संसर्ग झालेल्या शंभरांपैकी दहा-पंधरा जणांना आयुष्यात अल्सर होतो, आणि एक ते तीन जणांना कर्करोग. सत्त्याण्णव जण या जंतूसकट म्हातारे होतात आणि दुसऱ्याच कशाने तरी जातात.

मुंबईत तर आणखी कमी. इथे १९६३ साली देशातली पहिली लोकसंख्येवर आधारलेली कर्करोग नोंदणी सुरू झाली, त्यामुळे या शहराच्या नोंदी जुन्या आणि भरवशाच्या आहेत. इथे पुरुषांत तोंडाचा आणि फुप्फुसाचा कर्करोग पुढे आहे, बायकांत स्तनाचा. चेन्नईत जठराचं प्रमाण मुंबईहून बरंच जास्त, आणि मिझोराममध्ये देशात सर्वांत जास्त. जंतू सगळीकडे आणि कर्करोग मात्र ठिकठिकाणी कमी-जास्त, यालाच संशोधक 'भारतीय कोडं' म्हणतात.

कोड्याची काही उत्तरं हाताशी आहेत. जंतूच्या सगळ्या जाती सारख्या नसतात. काहींजवळ कॅग-ए नावाचं प्रथिन असतं, आणि ते जठराच्या पेशीत इंजेक्शनसारखं टोचायची सोयही असते. पूर्व आशियातल्या जंतूंचं कॅग-ए अधिक उपद्रवी आहे. माणसंही सारखी नसतात. काहींच्या शरीराचा सूजेचा प्रतिसादच जन्मतः जोरकस असतो. आणि मग ताटात काय येतं ते. मीठ जास्त असलेलं, खारवलेलं, धुरावलेलं अन्न अस्तराला ओरबाडतं आणि जंतूचं काम सोपं करतं. मिझोराममध्ये तंबाखूच्या धुराचं पाणी तोंडात धरायची चाल आहे, तुइबूर म्हणतात त्याला. तिथल्या अभ्यासांत त्याचा जठराच्या कर्करोगाशी संबंध दिसला आहे.

आमच्याकडे लगेच प्रश्न येतो तो सुक्या मासळीचा. वर्सोव्याला बांबूंवर टांगलेले बोंबील उन्हात वाळतात, मिठात मुरत नाहीत. महिन्यातून चारदा सुकटीची चटणी खाल्ल्याने कोणी घाबरू नये. खारवलेले मासे, पापड, लोणची, फरसाण रोजच्या रोज आणि भरपूर असतील तर हात आवरावा. आणि सिगारेट-विडी. तंबाखू हे जठराच्या कर्करोगाचंही कारण आहे. तोंडाच्या आणि फुप्फुसाच्या नावाने तंबाखूला एवढे दोष दिले जातात की जठराचं नाव मागे राहतं.

'मार्कर' या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी

इथे वहिनींचा खरा गोंधळ होता, आणि मला वाटतं बहुतेक वाचकांचा इथेच होतो. मार्कर म्हणजे शरीरातली मोजता येणारी खूण. पण कशाची खूण?

काही खुणा धोका सांगतात. जमीन कशी आहे, इथे पुढे काही उगवण्याची शक्यता किती आहे, एवढंच. काही खुणा असलेल्या गाठीचा माग ठेवायला उपयोगी पडतात. सीईए, सीए १९-९, सीए ७२-४ ही त्यातली नावं. आणि काही खुणा गाठीचा तुकडा तपासून, कोणतं औषध लागू पडेल ते सांगतात, जसं हर-टू. तिसऱ्या प्रकाराशी आजारी नसलेल्या माणसाचा काही संबंध नाही.

दादाच्या रिपोर्टवरचं सीईए दुसऱ्या प्रकारातलं. एखाद्याला कर्करोग आहे हे आधीच ठाऊक आहे, त्याचं ऑपरेशन झालं, आता तो परत येतोय का हे पाहायला डॉक्टर सीईए मागवतात. निरोगी माणसात कर्करोग शोधायला ते निकामी आहे, आणि तेही दोन्ही बाजूंनी. जठराच्या सुरुवातीच्या कर्करोगात ते बहुतेकदा अगदी नॉर्मल येतं, म्हणजे खोटा दिलासा. आणि धूम्रपानाने, यकृताच्या आजाराने, आतड्याच्या सूजेने थोडं वाढतं, म्हणजे खोटी भीती. सीए १९-९ तर पित्ताशयातल्या खड्यांनीही चढतं.

"दादा, दिवसाला किती सिगारेट?" मी विचारलं.

थोडा वेळ शांतता. "दहा."

सिगारेट ओढणाऱ्याचं सीईए पाचच्या आसपास जाणं ही रोजची गोष्ट आहे. ५.८ हा आकडा कर्करोग आहे असं सांगत नाही आणि नाही असंही सांगत नाही. तो या प्रश्नाचं उत्तर द्यायला बनलेलाच नाही. तरीही हे आकडे पॅकेजमध्ये 'कॅन्सर स्क्रीनिंग' या मथळ्याखाली विकले जातात याचा मला मनापासून राग येतो. एका कुटुंबाची झोप उडते, आणि ज्याने खरंच तपासून घ्यायला हवं तो नॉर्मल आकडा पाहून घरी बसतो.

दोन हजेरीपट

पहिल्या प्रकारातली, म्हणजे धोका सांगणारी, जठराची सर्वांत अभ्यासलेली खूण म्हणजे पेप्सिनोजेन. नाव अवघड आहे, कल्पना सोपी.

जठरातल्या पेशी पेप्सिनोजेन हा पाचकरसाचा कच्चा माल बनवतात आणि त्यातला थोडासा रक्तात उतरतो. त्याचे दोन प्रकार. एक नंबरचं पेप्सिनोजेन फक्त जठराच्या मुख्य भागातल्या ग्रंथी बनवतात. दोन नंबरचं जठरभर बनतं, शिवाय पुढच्या लहान आतड्याच्या सुरुवातीलाही.

आता गिरणी डोळ्यांसमोर आणा. सूतखात्याचा एक हजेरीपट आणि सगळ्या गिरणीचा दुसरा. तुम्ही गेटबाहेर उभे आहात, आत जाता येत नाही, पण दोन्ही पट पाहायला मिळतात. सगळ्या गिरणीची हजेरी जेमतेम तेवढीच आहे आणि सूतखात्याची मात्र दर महिन्याला घटतेय, तर आत न जाताही कळतं की सूतखातं बंद पडत चाललंय. तसंच मुख्य भागातल्या ग्रंथी झिजल्या की एक नंबरचं पेप्सिनोजेन उतरतं, दोन नंबरचं टिकून राहतं, आणि दोघांचं गुणोत्तर घसरतं. जपानमध्ये एक नंबरचं मोजमाप मिलिलिटरला ७० नॅनोग्रॅम किंवा कमी आणि गुणोत्तर ३ किंवा कमी, असं दोन्ही असेल तर झीज झाली असावी असं धरतात आणि दुर्बिणीने तपासायला सांगतात.

जपान्यांनी याला जंतूच्या तपासणीची जोड दिली आणि माणसांचे चार गट केले. जंतू नाही, झीज नाही: धोका नगण्य. जंतू आहे, झीज नाही: थोडा. जंतू आहे, झीजही आहे: जास्त. आणि चौथा गट, जंतू सापडत नाही पण झीज आहे. हा गट वाचून मी पहिल्यांदा चक्रावलो होतो, कारण सर्वांत जास्त धोका याच गटाला आहे. कारण कळल्यावर अंगावर काटा आला. अस्तर इतकं झिजलेलं असतं की त्या जंतूलाही तिथे राहायला जागा उरत नाही. तो निघून जातो आणि रिपोर्ट 'निगेटिव्ह' येतो. म्हणून नुसता जंतूचा निगेटिव्ह रिपोर्ट हातात घेऊन, विशेषतः उतारवयात, निर्धास्त होऊ नये.

या खुणेलाही मर्यादा आहेत. पेप्सिनोजेन कर्करोग दाखवत नाही, झीज दाखवतं. झीज न होता पसरत जाणारे काही कर्करोग त्याच्या नजरेतून सुटतात. आणि तुम्ही पित्ताच्या गोळ्या घेत असाल तर एक नंबरचा आकडा वाढतो आणि हिशोब चुकतो. आपली जुनी इमारत तीस वर्षांची झाली की महापालिका स्ट्रक्चरल ऑडिट मागते. पेप्सिनोजेन म्हणजे त्या ऑडिटच्या आधी इंजिनिअरने भिंतीवर हातोडीने टकटक करून पाहणं. पोकळ आवाज आला तर पुढे भिंत खणून पाहावी लागते, आणि ते खणणं म्हणजे दुर्बीण आणि बायोप्सी. त्याला पर्याय नाही.

जंतू आत्ता आहे का?

दादाच्या रिपोर्टवरचं 'आयजीजी पॉझिटिव्ह' म्हणजे रक्तात या जंतूविरुद्ध प्रतिपिंडं आहेत. याचा अर्थ जंतू कधीतरी येऊन गेला किंवा अजून आहे. जंतू मेल्यावरही ही प्रतिपिंडं महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं रक्तात राहतात. त्यामुळे एवढ्यावर औषध सुरू करू नये.

आत्ता आहे का हे सांगणाऱ्या तपासण्या वेगळ्या. श्वासाची तपासणी सर्वांत सोपी. उपाशीपोटी खास युरिया घ्यायचा, थोड्या वेळाने पिशवीत फुंकर मारायची. जठरात जंतू असेल तर त्याचं ते यूरिएज युरिया फोडतं आणि खूण केलेला कार्बन श्वासातून बाहेर येतो. दुसरी शौचाची अँटिजेन तपासणी. तिसरी दुर्बिणीतून घेतलेल्या तुकड्याची.

या तिन्हींआधी पॅंटोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोलसारख्या गोळ्या किमान दोन आठवडे आणि अँटिबायोटिक्स किमान चार आठवडे बंद असायला हव्यात, अर्थात डॉक्टरांना विचारून. नाहीतर जंतू दबून बसतो आणि तपासणी खोटी निगेटिव्ह येते. आपल्याकडे हेच सर्वांत जास्त चुकतं. मुंबईत सकाळी लोकल पकडायच्या आधी अनाशापोटी एक गोळी घेणं हे दात घासण्याइतकं सवयीचं झालंय. वर्षानुवर्षं, कोणाला न विचारता. ती गोळी आम्ल कमी करते, जळजळ थांबवते. जंतूला ती मारत नाही. भिंतीवरच्या डागावर दर दिवाळीला नवा रंग लावावा, तसं.

"मग सगळ्यांनाच औषध द्या ना!"

काही ठिकाणी दिलंय. तैवानच्या मात्सू बेटांवर जठराचा कर्करोग फार होता. तिथे २००४ पासून सगळ्या प्रौढांची तपासणी करून संसर्ग असलेल्यांना औषध दिलं, आणि कर्करोगाचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. जपानने २०१३ पासून या जंतूमुळे आलेल्या सूजेच्या उपचाराचा खर्च सरकारी विम्यात घेतला.

मुंबईची गोष्ट वेगळी आहे. जंतू कोट्यवधींत आणि कर्करोग तुलनेने कमी. एका माणसाचा कर्करोग टाळायला इथे फार मोठ्या संख्येने लोकांना दोन-दोन, तीन-तीन अँटिबायोटिक्स द्यावी लागतील. त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते: भारतात मेट्रोनिडॅझोलला दाद न देणारे जंतू आधीच फार आहेत, क्लॅरिथ्रोमायसिनलाही वाढताहेत. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने क्लॅरिथ्रोमायसिनला न जुमानणाऱ्या एच. पायलोरीला नवी औषधं तातडीने हवी असलेल्या जंतूंच्या यादीत घातलं. सरसकट गोळ्या वाटल्या तर ज्यांना खरी गरज आहे त्यांच्यासाठी औषध उरणार नाही.

मग कोणी तपासून घ्यावं? अल्सर आहे किंवा होऊन गेलाय त्यांनी. बराच काळ अपचन, पोटाच्या वरच्या भागात दुखणं आहे त्यांनी. कारण न सापडणारी लोहाची कमतरता असलेल्यांनी. आणि आई, वडील, भाऊ, बहीण किंवा मूल यांपैकी कोणाला जठराचा कर्करोग झालाय त्यांनी, अगदी काही त्रास नसला तरी. या शेवटच्या गटावर दक्षिण कोरियात अभ्यास झाला, तो २०२० मध्ये छापून आला. कर्करोग झालेल्यांच्या जवळच्या नातेवाइकांपैकी ज्यांना जंतूवर उपचार दिला त्यांच्यात सुमारे नऊ वर्षांत १.२ टक्के जणांना कर्करोग झाला, ज्यांना नुसती दिखाऊ गोळी दिली त्यांच्यात २.७ टक्के जणांना.

हे वाचलं तेव्हा काकांचा विचार मनात आला. ते आयुष्यभर 'पित्तप्रकृती'चे होते. खिशात सोड्याची पुडी असायची. गिरणीतून आल्यावर गार दूध प्यायचे, तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. दोन घासांत पोट भरायला लागलं, पॅंट ढगळ झाली, तरी सहा महिने तेच दूध आणि तोच सोडा. परळच्या रुग्णालयात नेलं तेव्हा उशीर झाला होता. तेव्हा आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून आता लिहितो: वजन आपोआप उतरणं, गिळताना अडकणं, थोडक्यात पोट भरणं, वारंवार उलटी, डांबरासारखी काळी शी, न समजणारा ॲनिमिया, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं 'पित्त' यांत श्वासाची तपासणी वगैरे करत बसू नका. सरळ दुर्बिणीची तपासणी करून घ्या.

आमसूल, आवळा, वेगळं ताट

आमसुलाचं सार, आवळा, जिरं, कोमट पाणी यांनी बरं वाटत असेल तर जरूर घ्या. यांतल्या कशानेही हा जंतू जठरातून जातो असं सिद्ध झालेलं नाही. तिखटाने तो येत नाही आणि तिखट सोडल्याने जातही नाही. प्रौढ माणसाचं ताट-वाटी वेगळी करायची काहीच गरज नाही. मुलांना तोंडातला घास भरवू नये, शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुवावेत, एवढं पुरे.

उपचार बहुधा चौदा दिवसांचा असतो: आम्ल दाबणारी गोळी, दोन अँटिबायोटिक्स, अनेकदा बिस्मथही. रोज मूठभर गोळ्या, तोंडाला धातूची चव, मळमळ. बिस्मथने शी आणि जीभ काळी पडते, त्याला घाबरू नये. मेट्रोनिडॅझोल असेल तर दारूचा थेंबही नको. पाचव्या दिवशी बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडल्या तर जंतू मरत नाही, शहाणा होतो. आणि कोर्स संपल्यावर निदान चार आठवड्यांनी पुन्हा श्वासाची किंवा शौचाची तपासणी. ही शेवटची पायरी जवळजवळ सगळे गाळतात.

जंतू परत येईल का? येऊ शकतो. पण मोठेपणी नव्याने लागण्याचं प्रमाण लहानपणापेक्षा बरंच कमी असतं. अनेकदा 'परत आला' असं वाटतं तेव्हा तो मुळात गेलेलाच नसतो.

दादाचं पुढे काय झालं

पोटविकारतज्ज्ञांनी लाल अक्षरांकडे एकदा पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला तो वडिलांचा. सीईए दीड महिन्याने पुन्हा केलं, ५.६ आलं, चढत नव्हतं. दादाची रोजची गोळी दोन आठवडे बंद ठेवली, जळजळ झाली तर साधं अँटासिड. श्वासाची तपासणी पॉझिटिव्ह आली. दुर्बिणीला तो सगळ्यांत जास्त घाबरत होता. घशात बधिर करणारा फवारा मारला, दहा मिनिटांत तो बाहेर येऊन चहा मागत होता, पण घसा बधिर असल्याने तासभर थांबावं लागलं. जठराचे वेगवेगळ्या भागांतून पाच तुकडे घेतले होते. कर्करोग नाही. जठराच्या खालच्या भागात मात्र झीज, आणि तेवढ्याच भागात थोडं आतड्यासारखं अस्तर.

म्हणजे ओल मुरली होती, गिलावा एका कोपऱ्यात सुटला होता, इमारत शाबूत होती. एरवी एवढ्यावर कदाचित पुन्हा पाहायची गरज लागली नसती. वडिलांचा इतिहास आहे म्हणून डॉक्टरांनी तीन वर्षांनी पुन्हा दुर्बीण सांगितली. चौदा दिवसांचा कोर्स वहिनींनी स्वयंपाकघरात तक्ता चिकटवून, प्रत्येक गोळीपुढे खूण करून पूर्ण करून घेतला. सहा आठवड्यांनी फुंकर मारून आला, निगेटिव्ह. सिगारेट दहावरून दोनवर आली आहे, आणि त्या दोनबद्दल घरात रोज बोलणं होतं. नाशिकच्या ताईंनीही तपासून घेतलं, कारण काका त्यांचेही वडील होते.

परवा दादाच्या घरी गेलो तेव्हा वहिनींनी कपाटातून फाइल काढून दाखवली. जुन्या पॅकेजचा तो लाल अक्षरांचा कागद सगळ्यांत खाली गेला होता. वर बायोप्सीचा रिपोर्ट, आणि पुठ्ठ्यावर वहिनींच्या ठळक अक्षरात पुढच्या दुर्बिणीचा महिना आणि वर्ष.